सोडलेल्या माशाची साक्ष

गळाला लागलेला मासा टोपलींत जावयाचा, हा जगाचा जुना रिवाज. ज्यानें तासभर उन्हांत उभें राहून, दोर कधीं सैल कधीं ताठ करीत, मनगट भरून येईपर्यंत झुंजून एखादा प्रचंड मासा कांठाशीं आणला, त्यानेंच त्याच्या जबड्यांतील गळ हलक्या हातानें सोडवावा आणि मासा पुन्हा पाण्यांत जाऊं द्यावा, ही गोष्ट ऐकणारास प्रथम चमत्कारिक वाटते. सोडावयाचाच होता, तर धरला कशाला? प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र तितकें साधें नाहीं. दक्षिणेंतील नद्यांत राहणाऱ्या महसीर नांवाच्या माशाच्या इतिहासांत तें सांपडतें. त्या इतिहासाचा एक धागा पुण्याच्या मुळा-मुठेंतून निघून लोणावळ्याच्या तलावांतून जातो आणि थेट कावेरीच्या डोहांत पोहोंचतो. म्हणून मराठी माणसानें तो जाणून घेणें अगत्याचें आहे.

महसीर हा रोहू आणि कटला यांच्याच कुळांतला मासा. परंतु त्याचा थाट निराळा. खवले मोठे, ओठ जाड आणि मांसल, अंगावर सोनेरी झांक. त्याला संथ, गढूळ पाणी मानवत नाहीं. खडकांवरून वेगानें धांवणारें स्वच्छ पाणी व त्यांतले खोल डोह हें त्याचें घर. पावसाळ्याचें पाणी चढूं लागलें कीं तो प्रवाहाच्या उलट वर जातो आणि उथळ, खडेरी जागीं अंडीं घालतो. नदीला आडवा बंधारा पडला, किंवा तळाची वाळू व खडी उपसली गेली, तर त्याचा संसार मोडतो. म्हणून ज्या नदींत महसीर नांदतो, ती नदी जिवंत आहे असें खुशाल समजावें.

माशांस अभय देण्याची कल्पना या देशांत नवी नाहीं. सम्राट अशोकानें राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षीं जी आज्ञा काढली, ती त्याच्या पांचव्या स्तंभलेखांत कोरलेली आहे. वर्षांतील ठराविक तिथींस मासे मारूं नयेत आणि विकूंहि नयेत, असा तींत निर्बंध आहे. महाराष्ट्रांत हेंच काम राजाज्ञेवांचून, देवाच्या नांवानें झालें. वाडा तालुक्यांत वैतरणेच्या कांठीं तिळसे येथील शिवमंदिरापाशीं, आणि महाड तालुक्यांत काळ नदीवरील वाळणकोंड येथें, डोहांतील महसिरांस कोणी हात लावीत नाहीं. ते देवाचे मासे. भाविक त्यांस चुरमुरे, लाह्या घालतात आणि मोठमोठे मासे पायऱ्यांजवळ येऊन तोंडें उघडतात. अशा कित्येक डोहांनीं, आसपासची नदी ओस पडत असतांना, महसिराचें बीज राखलें आहे. हें श्रद्धेचें फळ; त्याची किंमत कमी लेखूं नये.

परंतु मासा गळानें धरण्याच्या क्रीडेचीहि परंपरा येथें तितकीच जुनी आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याला भूलोकमल्ल असें बिरुद होतें, त्यानें इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नांवाचा संस्कृत ग्रंथ रचिला. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजचें बीदर जिल्ह्यांतील बसवकल्याण. मराठींतील कांहीं अति जुन्या पद्यपंक्ति ज्या ग्रंथांत आढळतात तोच हा ग्रंथ, म्हणून मराठीच्या अभ्यासकांस तो परिचित आहे. राजानें करावयाच्या नाना विनोदांत सोमेश्वरानें ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक स्वतंत्र प्रकरण घातलें आहे. माशांच्या जाति, त्यांची राहण्याची ठिकाणें, कोणत्या माशास कोणतें खाद्य रुचतें, दोर व काठी कशी असावी, हें सर्व त्यांत क्रमानें सांगितलें आहे. विसाव्या शतकांत प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं या प्रकरणाचा अभ्यास करून तें जगापुढें मांडलें. आश्चर्याची गोष्ट ही कीं आठ-नऊशें वर्षांपूर्वींच्या या राजाला मासा धरण्याच्या आनंदाइतकाच मासा ओळखण्याचा आनंद होता. सर्व माशांस एका नांवानें हांक मारून त्याचें समाधान होत नसे. पुढील कथेच्या दृष्टीनें हा मुद्दा ध्यानीं ठेवण्याजोगा आहे.

आतां मधलीं सातशें वर्षें ओलांडून पेशवाईच्या अस्तानंतरच्या काळाकडे वळावें. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यांतील विल्यम हेन्री साइक्स या अधिकाऱ्याची १८२४ सालीं दख्खनच्या सांख्यिक पाहणीवर नेमणूक झाली. १८३१ पर्यंत त्यानें दख्खनचें हवामान, शेती, लोकवस्ती यांची माहिती जमविली. शिवाय येथील पक्षी आणि मासेहि टिपले. माशांवरील त्याचा निबंध १८३९ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या कामकाजांत छापला गेला. साइक्सची एक चांगली संवय होती. त्यानें पुष्कळ माशांस स्थानिक बोलींतील नांवेंच शास्त्रीय नांवें म्हणून दिलीं. पुण्याजवळ मुळा-मुठेंत मिळणाऱ्या महसिरास त्यानें ‘खुद्री’ म्हटलें, आणि शिरूरपाशीं घोड नदींत मिळालेल्या दुसऱ्या एका माशास ‘मुसुल्ला’. पुण्याच्या नदींतला हा खुद्री म्हणजेच दख्खनचा निळसर परांचा महसीर होय.

साइक्सनंतर इंग्रज अधिकाऱ्यांत महसिराची शिकार हा मोठा षोक होऊन बसला. मद्रास सनदी नोकरींतील हेन्री सलिव्हन टॉमस यानें १८७३ सालीं ‘द रॉड इन इंडिया’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें आणि विलायतेच्या सामन माशाहून महसीर अधिक झुंजार आहे, असें मत मांडलें. मग काय! जो तो कावेरी व तिला मिळणारी कबिनी यांच्या कांठीं गळ टाकूं लागला. १९१९ सालीं रिव्हेट-कार्नाक नांवाच्या गोऱ्या अधिकाऱ्यानें कावेरींत ११९ रत्तलांचा महसीर धरला. १९४६ सालीं म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यांतील एकानें कबिनींत १२० रत्तलांचा, म्हणजे सुमारें ५४ किलो वजनाचा मासा काढला आणि तोच गळानें धरलेल्या महसिराचा विक्रम म्हणून गाजत राहिला. त्या काळीं विक्रम म्हणजे किनाऱ्यावर आणून तोललेला मासा. पाण्यांत परत गेलेल्या माशाचा हिशेब कोण ठेवणार?

या षोकापेक्षां मोठा घात दुसऱ्याच गोष्टींनीं केला. नदींत सुरुंगाची दारू उडवून किंवा विष कालवून एका क्षणांत सारा डोह रिकामा करण्याची रीत बोकाळली. तिला आळा घालण्यासाठीं १८९७ सालीं मत्स्यव्यवसायाचा कायदा झाला. परंतु कायदा कागदावर आणि डोह रानांत. पुढें मोठमोठीं धरणें झालीं, कारखान्यांचें पाणी नद्यांत आलें. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत जाणत्या लोकांस भीति वाटूं लागली कीं हा मासा आतां चित्रांतच पहावा लागणार.

अशा वेळीं लोणावळ्यास एक मोलाचें काम उभें राहिलें. वीजनिर्मितीसाठीं टाटांनीं बांधलेल्या तेथील तलावांत खुद्री महसीर टिकून होता. १९७० च्या सुमारास मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनीं त्याच्या अंडीं घालण्याच्या रीतीचा बारकाईनें अभ्यास केला आणि पुढें एस. एन. ओगले यांच्यासह कृत्रिम पैदाशीची पद्धति बसविली. पावसाळ्यांत तलावाला मिळणाऱ्या ओढ्यांकडे निघालेले पक्व मासे जाळ्यांत धरावयाचे, मादीचें पोट हलकेच दाबून अंडीं भांड्यांत घ्यावयाचीं, तशाच रीतीनें नराचें रेत त्यांत मिसळावयाचें, आणि तीं अंडीं वाहत्या स्वच्छ पाण्याखालीं ठेवून पिलें निपजवावयाचीं. हें वाचावयास सोपें वाटतें. पण रोहूच्या मानानें महसिराचीं अंडीं थोडीं आणि नाजूक, त्यामुळें तें काम मोठ्या चिकाटीचें होतें. तें साधलें. लोणावळ्याचीं पिलें निरनिराळ्या राज्यांतील नद्यांत व तलावांत सोडण्यासाठीं जाऊं लागलीं. नाहींशा होणाऱ्या जीवास पुन्हा घर मिळवून देणें याहून सत्कृत्य तें कोणतें? त्या वेळीं कोणाच्याहि मनांत शंका आली नाहीं, आणि ती न येणें स्वाभाविक होतें. हीं पिलें कावेरींतहि सोडण्यांत आलीं.

इकडे कावेरीवर दुसरेंच एक पर्व सुरू झालें होतें. १९७७ सालीं तीन इंग्रज तरुण महसिराच्या शोधार्थ हिंदुस्थानांत आले आणि कावेरींत तो प्रचंड मासा अद्याप आहे, ही वार्ता त्यांनीं जगभर नेली. परदेशचे हौशी लोक पुन्हा येऊं लागले; परंतु आतां काळ बदलला होता. भीमेश्वरी, गलीबोरे अशा ठिकाणीं छावण्या उभ्या राहिल्या आणि तेथें कडक नियम ठरला, तो असा कीं धरलेला प्रत्येक महसीर तोलून, पाहून, जिवंत परत सोडावयाचा. आसपासच्या खेड्यांतील माणसांस वाटाडे व राखणदार म्हणून काम मिळालें. पूर्वीं चोरून मासे मारणारेहि त्यांत होते. मेलेल्या माशापेक्षां जिवंत माशांत आपला चरितार्थ आहे, हें त्यांस उमगलें. नदीवर त्यांचा पहारा बसला.

आणि या छावण्यांत आणखी एक गोष्ट घडत होती, जिचें महत्त्व त्या वेळीं कोणास फारसें जाणवलें नाहीं. रोज संध्याकाळीं एका वहींत नोंद होत असे. आज किती तास गळ टाकला, किती मासे लागले, प्रत्येकाचें वजन किती, रूप कसें. गलीबोरे येथील १९९८ ते २०१२ या वर्षांच्या नोंदी पुढें शास्त्रज्ञांच्या हातीं आल्या. त्यांत २३,६२० तासांची गळ-मासेमारी व ६,१६१ महसीर नोंदलेले होते, एका रत्तलाच्या पिलापासून शंभराहून थोडा अधिक रत्तलांच्या धुडापर्यंत. इंग्लंडमधील एड्रियन पिंडर, कोचीचे राजीव राघवन आणि त्यांचे सहकारी यांनीं हा हिशेब मांडला आणि २०१५ सालीं प्रसिद्ध केला.

पहिल्या दृष्टीस निष्कर्ष आनंदाचाच होता. तितक्याच वेळांत पूर्वींपेक्षां अधिक मासे लागत होते. माशांचें सरासरी वजन मात्र उतरलें होतें. याचा अर्थ नदींत लहान माशांची भर पडत होती. राखण उपयोगी पडली, नियम फळाला आला. परंतु वहींत ‘रूप कसें’ असाहि एक रकाना होता आणि खरी साक्ष त्या रकान्यानें दिली. कावेरींतील मूळचा प्रचंड महसीर पाठीवर उंच वशिंड असलेला, नारिंगी परांचा होता. ज्याचे विक्रम गाजले तो मासा हाच. वर्षांमागून वर्षें या वशिंडाच्या माशाच्या नोंदी घटत गेल्या आणि निळसर परांच्या माशाच्या वाढत गेल्या. हा निळसर परांचा मासा कावेरीचा मूळ रहिवासी नव्हता. तो खुद्री होता, साइक्सनें पुण्यास पाहिलेला आणि लोणावळ्यास वाढविलेला. ज्याला पाहुणा म्हणून आणलें, तो घरधनी होऊन बसला होता, आणि मूळचा घरधनी उंबऱ्याबाहेर चालला होता.

सारा दोष पाहुण्यावर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. धरणें, वाळूचा उपसा, सुरुंगाची दारू यांनींहि वशिंडाच्या माशाचा जीव घेतला. परंतु नदींत महसिरांची संख्या वाढते आहे, या एका समाधानाखालीं एक संबंध जात नाहींशी होत होती, आणि दोघांचेंहि नांव महसीरच असल्यामुळें तें कोणाच्या लक्षांत येत नव्हतें.

नांव एक असल्यानें काय होतें, हें समजण्यास विदर्भांतील माणसास दूर जावयास नको. नागपूर-वर्धा लोहमार्गावरील सिंदी (रेल्वे) हें गांव तान्ह्या पोळ्यासाठीं प्रसिद्ध. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं तेथें मुलें लाकडी नंदी सजवून मिरवितात. खरा बैल धरावयाचें वय होण्यापूर्वींच तेथील पोराला बैलाची पारख शिकविली जाते. वर्धा जिल्हा हें गवळाऊ गुरांचें माहेर. पांढरा, चपळ, रस्त्यावर दौड मारणारा हा बैल. ‘बैल म्हणजे बैल, गवळाऊ गेला तर दुसरा कोणताहि आणूं’ असें सिंदीच्या बाजारांत कोणी म्हणेल, तर त्यास शहाणा समजणार नाहींत. गोठ्यांत गुरांची संख्या तितकीच राहिली तरी गवळाऊ संपला तर कांहींतरी कायमचें गेलें, हें तेथील निरक्षर शेतकरीहि जाणतो. मग ‘महसीर म्हणजे महसीर’ असें शिकलेल्या जगानें दीडशें वर्षें कसें म्हटलें? उत्तर एवढेंच कीं बैल दावणीला डोळ्यांसमोर असतो आणि मासा पाण्याखालीं. जें दिसत नाहीं त्याची पारख करण्यास कोणी तरी तें वर काढून, नीट पाहून, लिहून ठेवावें लागतें.

वशिंडाच्या माशाच्या नांवाचा घोटाळा तर त्याहून मोठा. जगांतील प्रख्यात मासा, परंतु त्याला स्वतःचें शास्त्रीय नांवहि धड नव्हतें. पुष्कळ वर्षें त्याला साइक्सचें ‘मुसुल्ला’ हें नांव चिकटविलें गेलें. परंतु घोड नदींतला तो मुसुल्ला महसीरच नव्हे, तो निराळ्याच गणांतला मासा, असें २०१३ सालीं दाखविण्यांत आलें. शेवटीं २०१८ सालीं पिंडर, राघवन, पुण्याचे नीलेश डहाणूकर व इतर संशोधकांनीं हा गुंता सोडविला. कावेरीच्या खोऱ्यांतील मोयार नदींत मिळालेले वशिंडाचे मासे त्यांनीं तपासले, त्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना केली आणि केरळांतील पांबार नदींतून पूर्वींच वर्णिलेल्या ‘टॉर रेमादेवी’ या जातीशीं तो जुळतो, असें सिद्ध केलें. मत्स्यशास्त्रज्ञ के. रेमादेवी यांच्या सन्मानार्थ हें नांव दिलेलें आहे. नांव ठरलें तेव्हां कोठें त्या माशाचें संकट नोंदवितां आलें. त्याच वर्षीं निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघानें त्याला अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत घातलें. उलट खुद्रीचें नांव पुढें संकटग्रस्तांच्या यादींतून निघालें. एका माशास वांचविण्याचें काम यशस्वी झालें, आणि त्याच यशाच्या सांवलींत दुसरा मरणपंथास लागला.

धरून सोडण्याची ही रीत जगांत इतरत्रहि अशीच साक्षीला आली आहे. कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत फ्रेझर नामक नदी आहे. तींत श्वेत स्टर्जन हा मासा राहतो. तो सहा मीटरपर्यंत लांब वाढतो, शंभर वर्षांहून अधिक जगतो, आणि त्याच्या अंगावर खवल्यांऐवजीं हाडांच्या ढालींच्या रांगा असतात. १९९४ पासून हा मासा तेथें मारून नेण्यास मनाई झाली. धरावा आणि सोडावा, एवढीच मुभा राहिली. पुढें स्वयंसेवकांनीं एक क्रम घातला. धरलेल्या स्टर्जनच्या अंगांत तांदळाच्या दाण्याएवढी क्रमांकाची खूण बसवावयाची, लांबी व घेर मोजावयाचा, आणि मासा सोडून द्यावयाचा. तोच मासा पुन्हा कोणाच्या गळाला लागला म्हणजे तो किती वाढला, कोठून कोठें गेला, हें कळतें. त्या नदींत स्टर्जन किती उरले आहेत, आणि लहान मासे पुरेसे निपजत आहेत कीं नाहींत, याचा अंदाज अशा नोंदींच्या आधारेंच केला जातो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळण्याजोगा नाहीं. केवळ नोंदीसाठीं मुक्या जीवाच्या जबड्यांत गळ रुतवावा, त्याला दमवावें, हें दयेचें काम कसें? गळाची जखम खरी आहे. फार वेळ खेळविलेला, किंवा तसबिरीसाठीं पाण्याबाहेर धरून ठेवलेला मासा सोडल्यानंतरहि मरूं शकतो. म्हणून जाणते लोक उलट्या कांट्याविरहित गळ वापरतात, माशाला पाण्यांतच ठेवून मोजतात आणि तो आपल्या बळावर पोहूं लागेपर्यंत हातांनीं आधार देतात. आपल्या देशांत वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आहे. त्याच्या अन्वयार्थानें संरक्षित रानांतील गळ-मासेमारी ही शिकारच ठरली आणि कावेरीवरील छावण्या बंद झाल्या. वहीची शेवटची नोंद २०१२ ची, ती त्यामुळेंच. कायद्याचा हेतु चांगला होता. परंतु पहारा उठला आणि वहीहि मिटली. इतिहासांत चांगल्या हेतूंचे असे जमाखर्च अनेकदां मांडावे लागतात.

देवाचा डोह आणि गळकऱ्याची वही या दोन गोष्टी एकमेकींच्या शत्रु नाहींत. डोहानें मासा राखला, पण तो कोणता मासा हें विचारलें नाहीं. वहीनें माशाला क्षणभर दुखविलें, पण त्याची ओळख राखली. लोणावळ्याच्या शास्त्रज्ञांपाशीं दया होती आणि विद्याहि होती; उणीव होती ती कावेरीच्या माशाच्या निश्चित ओळखीची, आणि ती उणीव त्यांची एकट्याची नव्हे, सबंध जगाची होती. ओळखीवांचून केलेलें जीवदान कोणाच्या तरी जिवावर बेततें, एवढा धडा या इतिहासांतून घेण्याजोगा आहे.

सिंदीच्या परिसरांतील पाणी धाम, बोर यांसारख्या नद्यांवाटे वणेला जातें. वणा वर्धेला मिळते, वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती गोदावरींत विलीन होते. या वाटेवर ठिकठिकाणीं ढिवर आणि भोई मंडळी पिढ्यान्‌पिढ्या जाळें टाकीत आलीं आहेत. कोणत्या डोहांत पूर्वीं कोणता मासा मिळे, त्याला काय म्हणत आणि आतां तो कां दिसत नाहीं, हें त्यांच्या वृद्धांस विचारलें तर पुष्कळ सांगतां येईल. साइक्सनें तेंच केलें होतें. आज तलावांत व धरणांत सरसकट बाहेरचें मत्स्यबीज सोडलें जातें, आणि त्यांत कोणाचें वाईट चिंतिलेलें नसतें. परंतु बीज सोडण्यापूर्वीं त्या पाण्यांत आधीं कोण राहतें, हें विचारणें सोडणाराचें कर्तव्य आहे. शाळेंतल्या मुलांनीं एक वही घालून आपल्या नदींतल्या माशांचीं नांवें, रंग व ठिकाणें लिहून ठेवलीं, तर त्या कामाला ना गळ लागेल ना परवाना; आणि पन्नास वर्षांनीं कोणाला साक्षीची गरज पडली, तर ती वही उपयोगी पडेल.